रानपिंगळ्याची नोंद

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. खिडकीत बसलेल्या प्रवाशाने त्याकडे मान वळवून पाहावे असे तिथे काही नाही. काळी जमीन, तुरीच्या आणि कापसाच्या पट्ट्या, आता जिकडे तिकडे सोयाबीन. हे माझे आजोळ. गावाला हे नाव का पडले ते भाषेच्या जाणकारांनी सांगावे. लहानपणी आम्हा भावंडांची मात्र पक्की समजूत होती की वाड्यामागच्या चिंचेवर जे पिंगळ्यांचे जोडपे राहते, त्यांच्यावरूनच गावाचे नाव पडले आहे.

पिंगळे आमच्याकडे दोन होते. एक चिंचेच्या ढोलीतला, मूठभर अंगाचा, वाटोळ्या पिवळ्या डोळ्यांचा. दिवेलागणीला ढोलीबाहेर येऊन खालीवर मान हलवीत आमच्याकडे बघणारा. दुसरा माणसातला. सुगी झाली की भल्या पहाटे तो येई. डोक्याला पागोटे, खांद्याला झोळी, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात कुडमुडे. पक्ष्याची भाषा त्याला कळते आणि त्या भाषेतून तो घरादाराचे भविष्य सांगतो, असे आजी सांगायची. अंथरुणात पडल्या पडल्या ते कुडमुडे ऐकू आले की आम्ही गोधडी डोक्यावरून ओढून घेत असू.

आठ-नऊ वर्षांचा असताना मी त्या चिंचेवरच्या पिंगळ्याला दगड मारला. का मारला, याला काही उत्तर नाही. हातात दगड होता आणि समोर पिंगळा होता. दगड लागला नाही, फांदीवर आपटून खाली पडला. पण आजीने पाहिले. ती म्हणाली, "काय केलास रे लेकरा हे! आता ते तुझा दगुड उचलून नदीला नेईल आन् रोज घाशील. दगुड जसा झिजंल, तसा तूबी झिजशील."

रात्रभर मला झोप आली नाही. उजाडताच मी चिंचेखाली गेलो, दगड शोधला आणि माजघरातल्या कणगीमागे लपवून ठेवला. पिंगळ्याच्या हातीच लागला नाही तर तो घासणार काय? पुढे बँकेत सदतीस वर्षे तारण सांभाळण्याचे काम केले. त्याची सुरुवात बहुधा तिथेच झाली असावी.

हे सारे आता आठवायला निमित्त झाले माझ्या नातीचे. तिच्या पुस्तकात हमिंगबर्डचे चित्र होते. हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत असतो. आपल्याकडे फुलांतला मध पिणारे शिंजीर आहेत, त्यांचे कूळ वेगळे. त्या पुस्तकात कोलंबिया देशातल्या सांता मार्ता पर्वताची गोष्ट होती. तिथे ढगांत बुडालेल्या डोंगरउतारांच्या जंगलात हमिंगबर्डची एक जात राहते. १९४६ नंतर ती जवळजवळ दिसेनाशीच झाली. २०१० साली एकदा तिचे छायाचित्र मिळाले, मग पुन्हा बारा वर्षे पत्ता नाही. २०२२ साली ती परत दिसली. नातीने पुस्तक मिटले आणि विचारले, "आबा, आपल्याकडे पण असा हरवून सापडलेला पक्षी आहे का?"

आहे. आणि तो आपल्या पिंगळ्याचाच चुलतभाऊ आहे. त्याला रानपिंगळा म्हणतात. कुणी वनपिंगळाही म्हणतात.

त्याची पहिली नोंद १८७२ सालची. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या बसना-फुलझर भागात ब्लूइट नावाच्या एका इंग्रजाला हा पक्षी मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लूइटचे नाव दिले. हे तेच ह्यूम, ज्यांचे नाव आपण १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेत वाचतो. राजकारणात येण्याआधीचा हा गृहस्थ पक्ष्यांनी झपाटलेला होता. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने शहादा-तळोदा पट्ट्यात या पक्ष्याचे आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर पुढे काहीच नाही. साऱ्या जगातील संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची अवघी सात कातडी उरली. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. पक्षी संपला, असे बहुतेकांनी मनोमन धरून टाकले.

बँकेच्या भाषेत हे निष्क्रिय खाते. दोन वर्षे उलाढाल झाली नाही की खाते वेगळे काढतात. दहा वर्षे कुणी फिरकले नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. पण खातेदार मेला असे त्यावरून सिद्ध होत नाही. तो केव्हाही दारात उभा राहू शकतो. माझ्या नोकरीत असे तीन-चार म्हातारे मी पाहिले आहेत. पिवळे पडलेले पासबुक पुढे करून ते म्हणत, "साहेब, माझं काही आहे का बघा."

रानपिंगळ्याच्या खात्यात मात्र एक बनावट व्हाउचर घुसले होते. ही हकीकत मला फार जवळची वाटते. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन हे ब्रिटिश लष्करातले मोठे नाव, पक्षिशास्त्रातही दबदबा. आपण १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ रानपिंगळा मारला, असा त्यांचा दावा होता आणि तसे लेबल लावलेले कातडेही त्यांच्या संग्रहात होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या सहीवर शंका कोण घेणार? त्यामुळे पक्ष्याची अखेरची तारीख तीस वर्षांनी पुढे सरकली आणि शोधणाऱ्यांच्या नकाशात एक खोटे ठिकाण शिरले.

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पॅमेला रासमुसेन या विदुषीने नायजेल कॉलर यांच्यासह ते कातडे तपासायला घेतले. भुसा भरून पक्ष्याचे कातडे शिवण्याची प्रत्येकाची एक पद्धत असते. जशी प्रत्येक कॅशियरची नोटांची गड्डी बांधण्याची असते. हे कातडे एकदा उसवून पुन्हा शिवलेले होते आणि मुळातली धाटणी डेव्हिडसनची होती. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला नमुना ब्रिटिश म्युझियममधून उचलायचा, डागडुजी करायची, नवे लेबल लावायचे आणि आपल्या नावावर खपवायचा, असा हा सारा प्रकार. १९९९ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माइनर्ट्झहागन १९६७ सालीच वारले होते.

बँकेत तपासणीला आलेला जुना अधिकारी आम्हाला एक गोष्ट नेहमी सांगे. खोट्या नोंदीने जातात ते पैसे थोडेच असतात. खरे नुकसान हे की त्या नोंदीवर विश्वास ठेवून पुढची सगळी माणसे चुकीच्या ठिकाणी शोधत राहतात. रासमुसेन यांनी खोटे व्हाउचर बाजूला काढले आणि फक्त खऱ्या नोंदींच्या मागे जायचे ठरवले. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या दोन सोबत्यांसह त्या १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आल्या. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पाहिली. तिथे निराशा पदरी आली. मग त्या खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात, निष्पर्ण झाडाच्या फांदीवर, लख्ख उन्हात तो बसलेला होता. तब्बल एकशे तेरा वर्षांनी खातेदार काउंटरवर आला होता.

आता माझी कबुली. त्या नोव्हेंबरात मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाखेत शेती-कर्जाचा अधिकारी होतो. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता. सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. ज्या रानाकडे जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांचे डोळे लागले, त्याच्या कडेने मी आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवरून वसुलीला जात होतो. मला कशाचा पत्ता नव्हता. रानपिंगळा सापडल्याचे मी कित्येक आठवड्यांनी एका जुन्या वर्तमानपत्रात वाचले, तेही जेवणाच्या डब्याखाली अंथरलेल्या.

माझ्याकडे तेव्हा एक पावरा शेतकरी कर्जासाठी खेटे घालत होता. एक बैल मेला होता, दुसरा घ्यायचा होता. जमीन होती, पीक होते, बाप-आजा तिथेच खपलेले होते; पण जमीन वनखात्याच्या हद्दीत, म्हणून सातबारा नव्हता. सातबारा नाही म्हणजे कर्ज नाही. मी त्याला तीनदा परत पाठवला. तिसऱ्या वेळी बातमी ताजी होती म्हणून सहज विचारले, "तुमच्याकडे ते दिवसा बसणारे घुबड आहे का रे?"

तो हसला. म्हणाला, "आहे ना साहेब. आमच्या शेताच्या कडेला वाळका साग आहे, त्यावर रोजच बसतो तो. पाली धरतो, उंदीर धरतो."

"मग इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही साहेब."

त्याने पाहिलेला पक्षी रानपिंगळाच होता की साधा पिंगळा, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. मी पाहायला गेलो नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. पक्ष्याची नोंद नव्हती म्हणून तो जगाच्या लेखी मेलेला होता, आणि माणसाची नोंद नव्हती म्हणून तो माझ्या लेखी नव्हताच. दोघेही त्याच सागाच्या आसपास जगत होते. पुढे २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, पट्टे मिळू लागले. त्या शेतकऱ्याला पट्टा मिळाला का, हे विचारायला मी तिथे उरलो नव्हतो. माझी बदली झाली होती.

या दोन पिंगळ्यांतला फरक सांगायला हवा, कारण चुकामूक इथेच होते. आपला गावातला पिंगळा करड्या-तपकिरी रंगाचा. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा. डोके देहाच्या मानाने थोराड, पंजे दणकट, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. लांबी जेमतेम तेवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभरच. मोठा फरक सवयीचा. गावातला पिंगळा संध्याकाळी कामाला निघतो. रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसायचे, सरडा, सापसुरळी, उंदीर किंवा किडा दिसला की झेप घ्यायची. त्याला गर्द अरण्य लागत नाही. सागाचे विरळ, पानगळीचे रान लागते आणि त्यात जुनी, पोकळ झाडे लागतात. घरटे ढोलीत. ती ढोली तो स्वतः कोरीत नाही, जुन्या झाडाने किंवा सुताराने दिली तर घेतो.

इथेच सारी मेख आहे. वाळके, पोकळ झाड हे आपल्या हिशेबात निरुपयोगी, म्हणून कुऱ्हाड आधी त्याच्यावर पडते. सरपणाला तेच जाते. उन्हाळ्यात वणवा लागतो तेव्हा आतून पोकळ असलेला बुंधा चिमणीसारखा पेटतो. विरळ रान शेताला लागून असते, म्हणून नांगर तिथेच आधी शिरतो. शेतात उंदरांसाठी विष ठेवले की विष खाल्लेला सुस्त उंदीर सर्वांत आधी पिंगळ्याच्या पंजात सापडतो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे माणसाची समजूत. घुबड अशुभ म्हणून मारायचे आणि त्याच घुबडाच्या अवयवांत शक्ती असते म्हणून पकडायचे, असा दुहेरी न्याय आपण या पक्ष्याला लावतो. देशातील घुबडांच्या तीस जातींपैकी पंधरा जाती चोरट्या व्यापारात आढळल्याचे ट्रॅफिक इंडिया या संस्थेने २०१० साली उजेडात आणले. दिवाळीच्या सुमारास ही खरेदी वाढते. लक्ष्मीच्या वाहनाला लक्ष्मीपूजनालाच गाठायचे, ही आपली भक्ती.

१९९७ नंतर शोध थांबला नाही, ही समाधानाची गोष्ट. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुडा धुंडाळला. तळोदा, तोरणमाळ, मेळघाट आणि पलीकडे मध्य प्रदेशातील रानांतही रानपिंगळा आढळला. मेळघाट तर त्याचे मोठे आश्रयस्थान ठरले. पुढे पुण्याच्या अभ्यासकांनीही वर्षानुवर्षे या पक्ष्यामागे रान तुडवले. २०१४ साली तर नवलच झाले. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात रानपिंगळा सापडला. ज्याला शोधायला लोक अमेरिकेहून खानदेशात आले, तो मुंबईच्या उंबरठ्यावर बसलेला होता.

या नव्या ठिकाणांमुळे २०१८ साली जागतिक यादीत रानपिंगळ्याची श्रेणी बदलली. तोवर तो 'अतिसंकटग्रस्त' होता, आता 'संकटग्रस्त' आहे. हे वाचून हुरळून जाण्याचे कारण नाही. खात्यात नवे पैसे जमा झाले म्हणून शिल्लक वाढली असे इथे घडलेले नाही. दुसऱ्या शाखेतल्या जुन्या ठेवी सापडल्या, इतकेच. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजूनही एक हजाराच्या आतच आहे, आणि साऱ्या जगात तो मध्य भारताखेरीज कुठेही नाही. आपल्या एखाद्या मंगल कार्यालयात जेवढी माणसे एका पंगतीला उठतात-बसतात, तेवढा हा अख्खा वंश.

मग करायचे काय? माणसे हलवा आणि पक्षी वाचवा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. ज्या पावरा शेतकऱ्याला मी तीनदा परत पाठवले, त्याला चौथ्यांदा पक्ष्याचे नाव सांगून परत पाठवण्याचा अधिकार मला नाही. त्याने वाळका साग तोडला नव्हता, हेही विसरून चालणार नाही. त्याच्या बांधावर पक्षी टिकला होता, माझ्या कागदांत नव्हता. त्या माणसाला जमिनीचा कागद, चुलीला दुसरे जळण आणि पोकळ झाड उभे ठेवण्याबद्दल थोडा मान, एवढे दिले तर रानपिंगळ्याचा याहून चांगला राखणदार कुठला? पुरंदर तालुक्यात जेजुरीजवळच्या पिंगोरी गावी इला फाउंडेशनने २०१८ साली घुबडांचा उत्सव सुरू केला. ज्याचे नाव घेतले की लोक थुंकतात त्या पक्ष्याची चित्रे शाळेतल्या मुलांनी काढली. कायद्याचे काम कायदा करीलच. रानपिंगळ्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. पण रानात पोलीस नसतो. तिथे असते ती फक्त समजूत. गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरात निवर्तलेले मारुती चितमपल्ली आयुष्यभर हेच करीत आले. त्यांनी मराठी माणसाला रानाची नावे शिकवली. नाव ठाऊक असलेल्या जिवावर दगड उचलताना हात थोडा अडतो.

लेख लिहिण्याआधी मी नातीला घेऊन पिंगळीला जाऊन आलो. वाडा आता पडका आहे. चिंच रस्ता रुंद करताना गेली. परभणी जिल्ह्यात जंगल असे नाहीच म्हटले तरी चालेल, त्यामुळे इथे एक जुने झाड जाते तेव्हा एक रानच जाते. पिंगळे कुठे गेले असतील म्हणून आम्ही संध्याकाळी वाट पाहत बसलो. दिवे लागायच्या वेळेला पडक्या भिंतीच्या भगदाडातून एक वाटोळे डोके बाहेर आले, खालीवर झाले आणि ओळखीची किरकिर ऐकू आली. नात आनंदाने ओरडली.

शेजारच्या मामींचा नातू बेचकी घेऊन उभा होता. बेचकीत खडा होता. मला आजीची ती गोष्ट आठवली. पण पंचावन्न-साठ वर्षे हिशेब केलेल्या माणसाने लेकराला भीती घालावी, असे वाटेना. मी त्याला म्हटले, "तुमच्या सोयाबीनला उंदीर लागतात की नाही?"

"लई लागतेत, आबा."

"ते उंदीर हा रोज रात्री धरतो. फुकट. तुमचा सालदार आहे तो."

पोराने पिंगळ्याकडे नव्याने पाहिले. मग बेचकी खिशात घातली आणि विचारले, "ह्याचं नाव काय?"

माझ्याआधी नातीने सांगितले. म्हणाली, "पिंगळा. आणि याचा एक भाऊ आहे, तो हरवला होता."

आजीची ती गोष्ट खोटी होती, पण तिच्यात एक कायदा होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. आता ती भीती गेली. तिच्या जागी काही ठेवले नाही, तर हात मोकळा आणि दगड तयार. जो पिंगळा आज प्रत्येक पडक्या भिंतीत आहे, त्याचीही गत उद्या सात कातड्यांची होऊ शकते. रानपिंगळा तरी एकेकाळी कुठे दुर्मीळ म्हणून जन्माला आला होता?

परतताना मी माजघराच्या जागी दगड-मातीचा ढीग होता तिथे थोडा वेळ उभा राहिलो. कणगी केव्हाच गेली. माझा तो दगडही त्याच ढिगात कुठेतरी असेल. कुणी घासलेला नाही, हे मात्र नक्की. झिजलो असेन, तर मी आपोआपच झिजलो.